गाणं ऐकायला स्पीकर घेताय? या चुका टाळा

दुकानात स्पीकर ऐकायला बसलात की दुकानदार हमखास दणदणीत ठेक्याचं काहीतरी लावतो. छातीत धडधडतं, आपण खूश होतो. मीही असाच एक जोड घरी आणला. रात्री ख्याल लावला, तर डग्गा नुसता धप्‌धप् करत होता आणि तानपुरा ऐकूच येईना.

म्हणून ऐकायला जाताना आपलं, तोंडपाठ असलेलं गाणं न्या. माझ्यासारखे शास्त्रीय ऐकणारे असाल तर विलंबित ख्यालाची पहिली पाच मिनिटं पुरे. तानपुऱ्याच्या जवारीचा झणकार मोकळा यायला हवा, पण टोचायला नको. तबलजी मनगट दाबून डग्ग्यावर सरकवतो तेव्हा सूर वर चढतो. चांगल्या स्पीकरवर तो चढ कानाला कळतो, वाईटावर एकच घुमारा राहतो. तार षड्जावर गायिकेचा आवाज कर्कश होत असेल, शब्दातल्या ‘स’वर शिट्टी वाजत असेल, तर तो जोड तिथेच सोडा. ठेक्याची, नाचाची गाणी जास्त ऐकत असाल तर मात्र मोठा वूफर (खालचे, जाड सूर वाजवणारा भाग) किंवा त्याच सुरांसाठीचा वेगळा सबवूफर खरंच उपयोगी पडतो.

दोन जोडांची तुलना करताना आवाज सारखा ठेवा. जो किंचित मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो, आणि हा फरक आपल्या लक्षातही येत नाही.

खोक्यावरचा पीएमपीओचा, म्हणजे क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला आकडा सोडून द्या, आरएमएस, म्हणजे सतत टिकणारी ताकद विचारा. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक ताकदीवर स्पीकर किती मोठा वाजतो, तेही बघा: 87 डेसिबलच्या स्पीकरला जितके वॉट लागतात, त्याच्या निम्म्यात 90 वाला तेवढाच मोठा वाजतो.

आता सगळ्यात मोठी चूक. चांगले स्पीकर आणून आपण ते शोकेसच्या कप्प्यात कोंबतो किंवा कोपऱ्यात ढकलतो, आणि मग ‘आवाज घुमतो’ म्हणून कंपनीला दोष देतो. भिंत आणि कोपरा खर्ज फुगवतात. निदान दीड फूट पुढे ओढा. ट्वीटर (वरचे, बारीक सूर वाजवणारा छोटा भाग) बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला आणा. दोन स्पीकरमध्ये जेवढं अंतर, साधारण तेवढंच तुमच्या खुर्चीपासून प्रत्येकापर्यंत ठेवा. मग खोलीत टाळी वाजवा. टणटण ऐकू आली तर लादीवर सतरंजी आणि खिडकीला जाड पडदा हवा. नवा अँप, म्हणजे स्पीकरला ताकद देणारा अँप्लिफायर घेण्याआधी हे करून बघा, खर्चही नगण्य आहे.

एवढं करूनही आवाज पोकळ वाटतोय, खर्ज गायब आहे, गाणारी समोर न बसता खोलीभर विखुरल्यासारखी वाटतेय? मग बहुतेक एका स्पीकरची लाल-काळी तार उलटी लागली आहे. दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येतो असं एखादं जुनं मोनो ध्वनिमुद्रण लावलं की हा दोष चटकन कळतो. अँप बंद करा, एकाच स्पीकरच्या दोन्ही तारांची अदलाबदल करा आणि तेच गाणं पुन्हा लावा. दोष तारांचा असेल तर गायिका बरोबर मधोमध येऊन बसते.