जपानी येत नाही? तरी शेजार जोडता येतो

योकोहामाच्या एका उपनगरात मी राहायला आले तेव्हा मला जपानीतले दोन शब्द येत होते, आणि आमच्या गल्लीत इंग्रजी बोलणारं कुणीच नव्हतं. आधी भाषा शिकू, मग लोकांशी बोलू, असं म्हणत मी चार महिने वाया घालवले. तुम्ही तसं करू नका. ठरल्या वेळी चार लोक जे करतात ते त्यांच्यासोबत करू लागा. बोलणं मागून येतं.

सुरुवात कचऱ्यापासून करा. जळणारा कचरा, प्लॅस्टिक, बाटल्या-डबे यांचे वार ठरलेले असतात आणि आमच्याकडे पिशवी त्या दिवशी सकाळी आठच्या आत ठेवावी लागते. एकदा माझी पिशवी चुकीच्या वारी गेली, तर गाडीवाल्यांनी चिठ्ठी चिकटवून ती तिथेच ठेवली. मी ती उचलत असताना समोरच्या आजी घरातून आपलं वेळापत्रक घेऊन आल्या. चित्राभोवती पेन्सिलीने गोल केला, माझ्या पिशवीकडे बोट दाखवलं, मग वाराकडे. मी तो वार मोठ्याने वाचला, त्यांनी उच्चार सुधारला, मी पुन्हा म्हटला. दहा मिनिटांत मला सगळे वार आले. म्हणून चूक झाली की दार लावून बसू नका. "सुमिमासेन" म्हणा आणि चूक निस्तरायला स्वतः जा. हा शब्द माफीला चालतो, हाक मारायला चालतो, कुणी आपल्यासाठी तसदी घेतली तर आभारालाही चालतो.

मग सकाळी साडेसहाला जवळची बाग गाठा. रेडिओ ताइसो हा रेडिओवरचा व्यायाम १९२८ साली सुरू झाला. आताचा पहिला प्रकार १९५१ सालचा. एनएचके या जपानच्या सार्वजनिक रेडिओवर पियानो वाजतो, ज्येष्ठ मंडळी हात वर करतात, तुम्हीही करा. तीन-साडेतीन मिनिटांत एक प्रकार संपतो. सलग आठवडाभर गेलात की आठव्या दिवशी न गेल्याची विचारपूस होते.

भाषेचं म्हणाल तर मराठी माणसाला जपानी वाटतं तेवढं परकं नाही. "हे पाणी आहे का?" हे जपानीत "कोरे वा मिझु देस का?" असं होतं. कोरे म्हणजे हे, मिझु म्हणजे पाणी, देस म्हणजे आहे, आणि शेवटचा "का" तर आपलाच वाटतो! त्यांच्या मुळाक्षरांचा क्रमही अ, क, स, त, न, ह, म, य, र, व असा आहे. त्यामागे संस्कृत वर्णमाला आहे. कताकाना या जपानी लिपीची ४६ मूळ अक्षरं आधी शिका, कारण परभाषेतून आलेले शब्द त्यात लिहितात. टॅक्सीचं "ताकुशी" होतं, एवढाच फरक.

ऐकताना गप्प राहू नका. समोरचा बोलत असताना मध्ये मध्ये "हाइ", "ए", "सो देस का" म्हणायची रीत आहे. तिला आइझुची म्हणतात. दोन लोहार आळीपाळीने घण मारतात, त्यावरून हा शब्द आला. तेव्हा त्यांचं "हाइ हाइ" म्हणजे होकार समजू नका, ते फक्त ऐकत आहेत. नकार सहसा तोंडावर येत नाही. "चोत्तो..." (जरा...) म्हणून वाक्य अर्धवट सोडलं, किंवा काही देऊ केल्यावर "दाइजोबु देस" (ठीक आहे) म्हटलं, की विषय तिथेच सोडा.

फोनवर भाषांतर करताना वाक्य छोटं ठेवा आणि "मी", "तुम्ही" न गाळता लिहा, नाहीतर कोण कुणाला म्हणतंय ते उलटंपालटं होतं. काही अडलं तर "यासाशी निहोंगो दे ओनेगाइशिमास", म्हणजे सोप्या जपानीत सांगा, असं म्हणा. १९९५ च्या कोबेच्या भूकंपात परदेशी लोकांपर्यंत सूचना पोचल्या नव्हत्या, त्यातून या सोप्या जपानीची चळवळ उभी राहिली.

आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट: काइरानबान. वस्तीच्या सूचनांची ही पाटी घरोघर फिरते. आपण वाचल्याची खूण करायची आणि पुढच्या घरी द्यायची. बरेच जण ती दाराशी ठेवून जातात. तुम्ही घंटा वाजवा आणि हातात द्या. देताना एखाद्या अक्षरावर बोट ठेवून विचारा, "कोरे वा नान देस का?", म्हणजे हे काय आहे? समोरच्या आजी अजूनही चष्मा आणायला आत जातात.