गाडीवरचा गंज आणि रंग: या चुका टाळा

मागच्या चाकावरच्या कमानीच्या कडेला रंगाचा फुगा दिसला की गाडीवाला म्हणतो, "गंज नुकताच धरायला लागलाय." तोवर तो बराच पुढे गेलेला असतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, रंगाला आतून रेटतो आणि मग कुठे तो आपल्या नजरेला पडतो. चाकाच्या कमानीत दोन पत्रे एकमेकांवर दुमडलेले असतात. सुरुवात त्या दुमडीत होते. त्यामुळे बाहेर चार आण्याएवढा फुगा असला तरी आत तळहाताएवढा पत्रा खाल्लेला निघतो. मी डिचोलीत डेंटिंग-पेंटिंगचं काम करतो. किनाऱ्यावरच्या गाड्या येतात, खाणपट्ट्यातल्याही येतात, आणि चुका मात्र सगळीकडे त्याच. तेच तेच सांगून तोंड दुखायला लागलं, म्हणून हे एकदा सविस्तर लिहितो.

धुण्याआधी घासणं

गोव्यात गंज काढायचा म्हणजे आधी मीठ काढायचं. हे पटत नसेल तर पॉलिश पेपर हातात घेऊच नये. मोरजी-मांद्र्यापासून कोलवा-बाणावलीपर्यंत समुद्रावरून येणारा खार गाडीवर रोज बसतो. चोडण, दिवाडीला फेरीबोटीने ये-जा करणाऱ्यांची चाकं भरतीच्या वेळी धक्क्याच्या उतारावर खाऱ्या पाण्यातूनच जातात. गंजाने पत्र्याला बारीक बारीक खड्डे पडतात आणि मिठातलं क्लोराइड त्यांच्या तळाशी जाऊन बसतं. ग्राइंडर फिरवला की वरचा पत्रा चकाकतो, गाडीवाला खूश होतो, पण तळाचं मीठ जागचं हलत नाही. ते हवेतली ओल ओढून घेतं, आणि ओलीला आपल्याकडे तोटा नाही. वर प्रायमर, वर रंग, आणि खाली गंजाचं काम चालूच.

मीठ आहे की नाही हे ओळखायला यंत्र लागत नाही. घासलेला पत्रा रात्रभर तसाच उघडा ठेवा. सकाळी सगळीकडे सारखी पुसट तांबूस झाक दिसली तर ती नुसत्या ओलीची. नेमक्या खड्ड्यांतून गडद टिपके उठले तर मीठ आत आहे.

माझी पद्धत अशी. सुटी खपली स्क्रॅपर आणि तारेच्या ब्रशने काढतो. मग गोड्या पाण्याचा जोरदार फवारा मारून नायलॉनच्या ब्रशने चोळतो. त्यानंतर फिल्टरच्या शुद्ध पाण्यात भिजवलेलं सुती फडकं त्या जागेवर अर्धा तास चिकटवून ठेवतो, काढतो, परत धुतो. हॉट एअर गनने वाळवतो. मग ८० नंबरचा पेपर, पुन्हा धुणं, पुन्हा वाळवणं, आणि लगेच एपॉक्सी प्रायमर, म्हणजे पत्र्याला घट्ट धरून पाणी अडवणारा रंगाखालचा थर. वाळलेल्या पत्र्याला उघडा हात लावू देत नाही, कारण घामातही मीठ असतं. बोटांचे ठसे जसेच्या तसे फोड होऊन रंगातून वर आलेले मी पाहिलेत. किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, त्याने धुण्यात अर्थ नाही. नळाचं वापरा.

"पाणी मारलं तर गंज वाढणार नाही का?" हे मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतं. वाळवलं नाही तर वाढेल. मीठ तसंच ठेवलं तर वाढेलच.

याच्या उलट टोक म्हणजे बाथरूम साफ करायचं ॲसिड. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. गंज झटकन विरघळतो हे खरं आहे, पण त्यातून क्लोराइडच पत्र्यात जातं, म्हणजे जे काढायचं तेच ओतलं. पत्र्यांच्या जोडात मुरलेलं ॲसिड नंतर कितीही धुतलं तरी पुरतं निघत नाही. दहा मिनिटांत गंज गायब करून दाखवणाऱ्या व्हिडिओंचा मला मनापासून राग येतो, कारण ते बघून पोरं चांगले पत्रे घालवतात. फॉस्फरिक किंवा टॅनिक ॲसिडवाला कन्व्हर्टर, म्हणजे उरलेल्या गंजाचं रूप बदलून तो थांबवणारं द्रव्य, चालतो, तोही खपली पूर्ण निघाल्यावर उरलेल्या पातळ, घट्ट गंजावर. डब्यावर धुवायला सांगितलं असेल तर धुवा. फॉस्फरिक ॲसिडचा अंश राहिला की वरची एपॉक्सी नीट धरत नाही.

गंजावर पुट्टी

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं, आणि बऱ्याचदा ती गाडीवाल्याची नसून काम करणाऱ्याची असते.

पेडण्याकडच्या एक शिक्षिका जुनी हॅचबॅक घेऊन आल्या. रंग नवाकोरा, विकणाऱ्याने नुकताच करून दिलेला. मागच्या दरवाज्याखाली दोन फुगे, एवढीच तक्रार.

"मेस्त, वर्षभराची गॅरंटी दिली होती. आता फोन उचलत नाहीत."

मी फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक दरवाज्याखालच्या रनिंग बोर्डवर लावलं. पुढच्या बाजूला चिकटलं. मागे सरकवत नेलं तसं सुटून खाली पडलं. कमानीवर तेच. बोटाने ठोकलं तर आवाज बद्द.

"बाई, इथे पत्रा नाही."

"मग रंग कशावर मारलाय?"

स्क्रू ड्रायव्हर टेकवून हलकेच दाबला, तर तो बोटभर आत गेला. पुट्टीची ढलपी सुटली, पेराएवढी जाड. तिच्यामागे तारेची जाळी, जाळीमागे वर्तमानपत्राचे बोळे, सगळे ओले. एका बोळ्यावरचा मथळा अजून वाचता येत होता. त्या ओल्या कागदाने उरलासुरला पत्राही खाल्ला होता, जॅक लावायच्या जागेपर्यंत. पंक्चर झालं म्हणून रस्त्यात जॅक लावला असता तर तो सरळ आत घुसला असता.

रनिंग बोर्ड शोभेसाठी नसतो. हल्लीच्या बहुतेक कारना वेगळी चासी नसते, बॉडीच सगळं वजन पेलते. बाजूने धडक बसली तर मार घेणाऱ्या भागांत हा एक. तिथे कागद कोंबून वरून रंग मारणाऱ्याला आपण काय करतोय हे चांगलं ठाऊक असतं, आणि म्हणून मी त्याला क्षमा करत नाही. खड्डा बुजवणं वेगळं, माणसाच्या जिवाशी खेळणं वेगळं.

बाईंच्या गाडीचा तेवढा भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापला, नवीन पत्रा घडवून सीओटू वेल्डिंगने जोडला, जोडांच्या फटी बुजवायला सीम सीलर, बाहेर एपॉक्सी, आणि आतल्या पोकळीत नळीने कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे गंज रोखणारं पातळ मेण, सोडलं. वेल्डिंगच्या उष्णतेने आतल्या बाजूचा रंग जळतो, ती बाजू उघडी राहते आणि नवा पत्रा आतून सडायला लागतो. वेल्डिंग करणारे पुष्कळ जण हेच विसरतात. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, उलटून गेली तरी गाडी शेडमध्येच होती. बाई मात्र दर रविवारी येऊन काम बघून जायच्या, घाई करा असं एकदाही म्हणाल्या नाहीत. अशा गिऱ्हाइकाचं काम करायला हुरूप येतो.

जुनी गाडी घेताना लोहचुंबक खिशात ठेवा, मऊ फडक्यात गुंडाळून. कमानी, रनिंग बोर्ड, दरवाज्यांचा खालचा वीतभर भाग, डिकीच्या झाकणाची कड, एवढं तपासा. बंपर तपासू नका, ते प्लॅस्टिकचे असतात.

पुट्टीच्या बाबतीत माझे नियम पक्के आहेत. पत्र्यावर आधी एपॉक्सी, ती घासून त्यावर पुट्टी. जाडी २-३ मिलिमीटरच्या वर नाही. जास्त लागत असेल तर पत्रा नीट ठोकला गेलेला नाही, हातोडा पुन्हा घ्या. भोकावर पुट्टी कधीच नाही. हार्डनर, म्हणजे पुट्टी घट्ट करणारं रसायन, पुट्टीच्या वजनाच्या साधारण २ टक्के. लवकर सुकावी म्हणून जास्त घातला तर रंगातून पिवळट डाग वर येतात आणि मग रंगवाल्या कंपनीला शिव्या दिल्या जातात. आणि पुट्टी पाणी लावून घासू नका. ती पाणी पिते, ते पाणी पत्र्यापर्यंत जातं, आणि वरून आपण झाकण लावून टाकतो. कोरडी घासा, धूळ उडाली तर उडू दे.

चवथीसाठी घाई

जुलै संपला की फोन सुरू होतात. पाहुणे येणार, गाडी चकाचक हवी. गाडी स्वच्छ असावी असं वाटण्यात चूक काही नाही, पण चवथ येते भर पावसात, आणि उघड्या शेडमध्ये रंग मारायला याहून वाईट दिवस वर्षात नसतात.

पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी दव होऊन धरतं त्यापेक्षा, किमान ३ अंश तरी वर असावं लागतं. हवा २७ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दवबिंदू साधारण २५ अंशांवर येतो. म्हणजे दोनच अंशांचं अंतर. त्यात फास्ट, म्हणजे लवकर उडणारा, थिनर उडताना पृष्ठभाग आणखी थंड करतो, त्यावर हवेतलं पाणी धरतं आणि रंग दुधाळ पडतो. हार्डनरवाल्या पीयू (पॉलियुरेथेन) रंगात तर हार्डनर त्या पाण्याशीच जुळतो, बारीक बुडबुडे धरतात, चमक मरते. पॉलिश करून हे जात नाही.

कॉम्प्रेसरचंही तेच. दाबलेली हवा टाकीत गार झाली की पाणी सुटतं. पावसाळ्यात मी सकाळी आणि दुपारी टाकीची तळाची चावी उघडतो; वाटीभर तरी पाणी निघतंच. ते सोडलं नाही तर स्प्रे गनमधून थेट रंगात.

म्हणून पावसाळ्यात मी गंज काढून एपॉक्सीपर्यंत काम करतो, तेही हॅलोजनच्या दिव्याने पत्रा ऊब धरेपर्यंत तापवून. रंग दसऱ्यानंतर. एपॉक्सी पाणी चांगलं अडवते, पण उन्हाने तिची भुकटी होते, तेव्हा ती वर्षभर उघडी ठेवायची नाही, आणि रंगापूर्वी ४०० च्या पेपरने खरवडून घ्यायची. एपॉक्सीच्या जागी नुसता सरफेसर, म्हणजे रंगाआधी पृष्ठभाग एकसारखा करणारा प्रायमर, लावून गाडी पावसात फिरवू नका. सरफेसर सच्छिद्र असतो, त्यातून पाणी आत जातं. काही गिऱ्हाइकं करड्या ठिगळाची गाडी घेऊन चवथीला जायला तयार नसतात आणि दुसरीकडे जातात. जाऊ दे.

बाकीच्या चुका थोडक्यात

डॅशबोर्डला लावायचा चमकवणारा स्प्रे शेडच्या आसपास मारू नका. त्यातलं सिलिकॉन पत्र्यावर बसलं की रंग तिथून मागे सरतो आणि गोल खड्डे पडतात. रंगाआधी वॅक्स रिमूव्हरने पुसायचं, एका फडक्याने ओलं, दुसऱ्याने लगेच कोरडं.

रंगाच्या दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटं थांबा. एकदमच जाड हात मारला तर ओघळ तरी येतात, नाहीतर आत अडकलेला थिनर नंतर टाचणीएवढी भोकं पाडून बाहेर येतो. जुन्या सिंथेटिक रंगावर एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरचा हात मारला की खालचा रंग सुरकुत्या पडून उचलतो. आधी नखाएवढ्या जागेवर थिनरचं फडकं ठेवून बघा.

रंगाची छटा जुळली की नाही हे ट्यूबलाइटखाली ठरवू नका. कार्डावर मारून उन्हात न्या, विशेषतः सिल्व्हर असेल तर.

अंडरबॉडी कोटिंग चिखलावर मारून घेणारे दर जूनमध्ये भेटतात. खाणपट्ट्यातली लाल माती मडगार्डाच्या आतल्या काठावर थापलेली असते, ती दिवसेंदिवस ओल धरते. तिच्यावर डांबरासारखा थर दिला की ती ओल आत कोंडली जाते. आधी धुवा, दोन दिवस उन्हात वाळवा, गंज असेल तो काढा, मग कोटिंग. जुनं इंजिन ऑइल आणि डिझेल फवारण्याची पद्धत तर बंदच झाली पाहिजे. रबरी बुश फुगतात आणि ब्रेकवर तेल गेलं तर काय होईल हे सांगायला नको.

हार्डनरवाला रंग मारताना तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. त्यातली आयसोसायनेट नावाची रसायनं फुफ्फुसं कायमची बिघडवू शकतात. घरच्या अंगणात पीयू मारू पाहणाऱ्या नवशिक्यांना मी थेट सांगतो: हवा पुरवणारा मास्क नसेल तर मारू नका, शेजारपाजारची पोरंही तीच हवा घेतात.

दरवाज्यांच्या खालच्या कडेला पाणी जायला भोकं असतात. आंब्याफणसाच्या झाडाखाली गाडी लावणाऱ्यांची ती पानांच्या चुऱ्याने बुजतात आणि दरवाजा आत पाणी साठवतो. लाकडी काडीने मोकळी करा, खिळ्याने नको, रंग खरवडतो. पावसात ताडपत्रीचं कव्हर घालू नका, त्यापेक्षा गाडी उघडी भिजलेली बरी.

आणि डिकी. म्हापशाच्या नाहीतर मडगावच्या बाजारातून मासळी आणायची ती प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी डिकीत, आणि पिशवीला भोक. ते खारं पाणी गालिच्याखालच्या फोममध्ये मुरतं, वर दिसत नाही, आणि स्टेपनीच्या खोबणीत साठतं. वास गेला म्हणजे पाणी गेलं असं समजू नका. गालिचा उचला, स्टेपनी बाहेर काढा, तळाचं रबरी बूच काढून गोड्या पाण्याने धुवा, वाळल्यावर बूच परत लावा. पुढच्या वेळेला मासळी झाकणाच्या बादलीत आणा.