लॉगिननंतर मराठी कीबोर्ड टिकत नाही? आधी तो कोण बदलतंय ते पाहा

ग्रामपंचायत असो, सेवा केंद्र असो की शाळेची लॅब, तक्रार ठरलेली असते. काल मराठीवर ठेवलेला कीबोर्ड आज लॉगिन केल्याबरोबर इंग्रजीवर आलेला असतो. कधी उलटंही होतं. पासवर्ड बरोबर असूनही कॉम्प्युटर घेत नाही, कारण लॉगिनच्या पडद्यावर मराठी चालू राहिलेली असते. मग कोणीतरी विंडोज नव्याने टाकायचा सल्ला देतो. त्याची गरज क्वचितच पडते.

विंडोज कीबोर्डची निवड एकाच जागी ठेवत नाही. लॉगिनच्या पडद्याची निवड वेगळी आणि प्रत्येक युजरची वेगळी. त्यावर श्रीलिपी, आयएसएमसारखं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर बसवलेलं असेल तर कळा मध्येच तेही पकडतं. म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी बिघाड नेमका कुठे आहे ते बघा.

लॉगिन करा, नोटपॅड उघडा, विंडोज आणि स्पेस या कळा एकत्र दाबून मराठी निवडा आणि एच दाबा. 'प' उमटला तर इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठी ठरवलेली कळांची मांडणी) चालू आहे, 'ह' आला तर फोनेटिक, म्हणजे इंग्रजी उच्चारावरून मराठी उमटवणारा. यापैकी लावलेला जो असेल तो नीट उमटत असेल तर कीबोर्ड चांगला आहे, फक्त सुरुवातीची निवड चुकीची आहे. नोटपॅडमध्ये बरोबर आणि वर्डमध्ये भलतंच येत असेल तर फाँट बघा. कृती देव हा जुना, युनिकोडपूर्व फाँट आहे, म्हणजे आत इंग्रजी अक्षरंच असतात, फक्त दिसतात मराठी. त्यात टाइप करताना विंडोजचा कीबोर्ड इंग्रजीवरच हवा. मराठी कीबोर्ड आणि कृती देव एकत्र चालत नाहीत, आणि अर्ध्या तक्रारींचं मूळ इथेच असतं.

आता सुरुवातीची निवड. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज असं जा. विंडोज १० मध्ये हेच पान सेटिंग्ज, डिव्हायसेस, टायपिंगखाली सगळ्यात खाली सापडतं. वरच्या यादीत 'यूज लँग्वेज लिस्ट' असेल तर भाषांच्या यादीतली पहिली भाषा लॉगिननंतर लागते. तुम्ही काल विंडोज-स्पेसने काय निवडलं होतं याच्याशी तिला देणंघेणं नाही. म्हणजे पुष्कळदा हा बिघाड नसतोच, विंडोज सांगितलेलंच करत असतं. या यादीतून हवा तो कीबोर्ड निवडा, साइन आउट करून परत आत या.

सेवा केंद्राच्या कॉम्प्युटरवर सुरुवात इंग्रजीनेच ठेवावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. पोर्टलचा युजर आयडी, पासवर्ड, कॅप्चा सगळं इंग्रजीत असतं. अर्जदाराचं नाव, गाव मराठीत भरायची वेळ आली की विंडोज-स्पेस दाबायला कितीसा वेळ लागतो? दिवसभर मराठी दाखले आणि ठरावच टाइप होत असतील तर मात्र मराठी आधी ठेवा.

त्याच पानावर प्रत्येक खिडकीसाठी वेगळा कीबोर्ड ठेवण्याची चौकोनी खूण आहे. ती असेल तर वर्डमध्ये मराठी आणि ब्राउझरमध्ये इंग्रजी असं होतं, आणि माणसाला वाटतं कीबोर्ड आपोआप पलटतोय. खूण काढून टाका. तिथेच खाली 'इनपुट लँग्वेज हॉट कीज' आहे. डावी ऑल्ट आणि शिफ्ट चुकून एकत्र दाबल्या गेल्या तरी भाषा बदलते. 'चेंज की सिक्वेन्स'मध्ये जाऊन दोन्हीकडे 'नॉट असाइन्ड' करा. विंडोज-स्पेस तरीही चालतं.

लॉगिनच्या पडद्यासाठी वाट वेगळी. कंट्रोल पॅनेल उघडा, रीजन, मग ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टॅब, मग 'कॉपी सेटिंग्ज'. खाली दोन चौकोन आहेत, एक वेलकम स्क्रीनसाठी आणि एक नव्या युजरसाठी. दोन्हींवर खूण करा, ओके करा, रीस्टार्ट करा. याला ॲडमिन पासवर्ड लागतो. आधी आपल्या खात्यात सगळं मनासारखं लावून घ्या, कारण जे आहे तेच तिकडे जातं. जुन्या युजरांवर याचा काही परिणाम होत नाही, त्यांच्या खात्यात शिरून वेगळं करावं लागेल. तोवर पासवर्ड टाकताना पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात भाषेची खूण बघायची सवय ठेवा.

यादीतून काढलेला 'इंग्लिश यूएस' पुन्हा पुन्हा उगवत असेल तर तो आधी मुद्दाम जोडा, मग काढा, आणि वरचं कॉपी सेटिंग्ज करा. एकच मायक्रोसॉफ्ट खातं घरच्या लॅपटॉपवर आणि केंद्रात वापरत असाल तर तिकडची भाषांची यादी इकडे येऊन बसते. सेटिंग्ज, अकाउंट्स, विंडोज बॅकअपमध्ये भाषेच्या पसंतीचं सिंक बंद करा.

खालच्या पट्टीवरून भाषेची खूणच गायब असेल, स्टार्टच्या शोधखान्यात अक्षरही उमटत नसेल, तर कीबोर्डची जबाबदारी असलेला प्रोग्राम सुरूच झालेला नाही. विंडोज आणि आर दाबून सी-टी-एफ-एम-ओ-एन ही अक्षरं सलग लिहा, एंटर करा. टाइपच होत नसेल तर पडद्यावरचा कीबोर्ड वापरा. खूण आली तर रोग सापडला. कायमचा इलाज असा: टास्क शेड्युलर उघडा, लायब्ररी, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, टेक्स्ट सर्व्हिसेस फ्रेमवर्क. तिथलं एमएससीटीएफ मॉनिटर हे काम 'डिसेबल्ड' असेल तर राइट क्लिक करून 'इनेबल' करा. पीसी फास्ट करून देतो म्हणणारी फुकटची सॉफ्टवेअरं हे काम बंद करून ठेवतात.

टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमध्येही डोकावा. पेन ड्राइव्हवरून गावोगाव फिरलेलं जुनं गुगल इनपुट टूल्स, शिवाय आयएसएम, शिवाय श्रीलिपी, आणि वर विंडोजचं मराठी फोनेटिक, जे २०१९ पासून विंडोज १० मध्ये आयतंच मिळतं. एका म्यानात इतक्या तलवारी राहत नाहीत. कामाचं एक ठेवा, बाकी डिसेबल करून रीस्टार्ट करा.

कीबोर्डबरोबर डेस्कटॉपचं चित्र, फाइली, ब्राउझरचे पासवर्ड असं सगळंच गायब असेल तर प्रकरण वेगळं आहे. अचानक लाइन जाऊन कॉम्प्युटर धाडकन बंद पडला की युजरची प्रोफाइल (त्याच्या सेटिंग आणि फाइलींचा संच) कधी कधी खराब होते, आणि विंडोज तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये आत घेतं. तिथे केलेली सेटिंग आणि सेव्ह केलेली फाइल साइन आउट होताच पुसली जाते. अशा वेळी सातबाऱ्याचे स्कॅन डेस्कटॉपवर मुळीच ठेवू नका. दोनदा रीस्टार्ट करून बघा. तेच होत असेल तर नवा युजर काढा आणि सी ड्राइव्हच्या यूजर्स फोल्डरमधून जुन्या फाइली तिकडे न्या.

शाळेच्या किंवा एमएस-सीआयटीच्या लॅबमध्ये डीप फ्रीझ हे कॉम्प्युटर 'गोठवून' ठेवणारं सॉफ्टवेअर बसवलेलं असेल तर वरचं काहीही केलं तरी रीस्टार्टनंतर मूळपदावर येणार. लॅब सांभाळणाऱ्यांकडून आधी ते उघडून घ्या, सेटिंग करा, रीस्टार्ट करून खात्री करा, मगच पुन्हा गोठवा.

विंडोजऐवजी उबुंटू लिनक्स असेल तर सेटिंग्ज, कीबोर्ड, इनपुट सोर्सेसमध्ये मराठी जोडा. सुपर (म्हणजे विंडोजचीच कळ) आणि स्पेसने भाषा बदलते. तिथे टर्मिनलमधून किंवा स्टार्टअप स्क्रिप्टने लेआउट बदलून उपयोग होत नाही, कारण डेस्कटॉप सुरू झाला की आपल्या यादीतलं पुन्हा वर लादतो. लिनक्सचा एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप असेल तर कीबोर्डच्या लेआउट टॅबवरची 'यूज सिस्टम डिफॉल्ट्स' ही खूण आधी काढा, नाहीतर खाली काहीच बदलू देत नाही.