नाळेच्या रक्तातून रक्तवाहिन्या घडवणाऱ्या पेशी वाढवायच्या असतील तर

आधी आईच्या रक्ताच्या नळ्या. बाकी सगळं नंतर. नाळेच्या रक्तातून एन्डोथेलियल कॉलनी फॉर्मिंग सेल्स, म्हणजे रक्तवाहिनीचं आतलं अस्तर बनवणाऱ्या ईसीएफसी पेशी, रुग्णाला देण्यासाठी वाढवायच्या असतील तर ज्या दिवशी नाळेचं रक्त घ्याल त्याच दिवशी बाळाच्या आईचंही रक्त घ्या. गेल्या खेपेला आमचं नेमकं तेच राहिलं. पेशी छान वाढल्या, व्हायल्स लिक्विड नायट्रोजनमध्ये गेल्या, आणि कागद तपासताना दात्याच्या चाचण्यांचा रकाना कोरा निघाला. बाळंतपण माहेरी झालेलं, तोवर बाई सासरी परतलेली, फॉर्मवरचा फोन नंबर तिच्या भावाचा. पुढे ती सापडली तरी रक्त उशिराचं. सगळा लॉट रुग्णासाठी बाद.

आईचंच रक्त का, हे नव्या मुलांना दरवर्षी सांगावं लागतं. बाळाच्या रक्तातल्या अँटिबॉडी वारेतून आलेल्या, आईच्याच असतात, आणि ज्या संसर्गाची भीती असते तोही तिच्याकडूनच येणार. म्हणून एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस या चाचण्या आईच्या रक्तावर होतात. आपल्याकडे कॉर्ड ब्लडसाठी मलेरियासुद्धा पाहतात. गरोदरपणाच्या फाइलमधला रिपोर्ट चालणार नाही. तो बहुतेक वेळा पहिल्या तिमाहीतला असतो, नंतरच्या सहा महिन्यांबद्दल तो काहीच सांगत नाही. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेच्या, एफडीएच्या, नियमात तर हा नमुना पेशी घेतल्याच्या आधी किंवा नंतर ७ दिवसांच्या आतलाच लागतो.

संमतीपत्र कळा सुरू होण्याआधी, तपासणीच्या भेटीत घ्या. वेदनेत असलेल्या बाईपुढे कागद धरून घेतलेली सही ही संमती नव्हे. पुढे संपर्क करता येईल असा तिचा स्वतःचा नंबर आणि सासरचा पत्ता, दोन्ही लिहून घ्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मूलपेशींच्या कामासाठीच्या वेगळ्या समितीची मंजुरी लागते, नेहमीची एथिक्स कमिटी एकटी पुरत नाही. ही मंजुरी हातात येईपर्यंत लेबर रूमकडे फिरकूसुद्धा नका.

लेबर रूममध्ये तुम्ही असाल असं धरून चालू नका. बाळंतपण रात्री तीनला होतं आणि तेव्हा ड्यूटीवर असलेल्या सिस्टरना दहा कामं असतात. म्हणून किट असं बांधा की विसरता येणारच नाही: सीपीडीए (रक्त गोठू न देणारं द्रावण) घातलेली रक्ताची पिशवी, आणि तिलाच रबरबँडने गुंडाळलेल्या आईच्या दोन नळ्या, एक लाल झाकणाची, एक जांभळ्या झाकणाची. तिन्हींवर एकच कोड, आधीच चिकटवलेला. नळ्या रिकाम्या परत आल्या तर पिशवी स्वीकारू नका, तेव्हाच वॉर्डात फोन करा. आई अजून तिथेच असते. दुसऱ्या दिवशीही असते. पंधरा दिवसांनी नसते.

पिशवी बर्फात ठेवू नका, खोलीच्या तापमानाला आणा आणि शक्यतो त्याच दिवशी कामाला घ्या. फायकॉल, म्हणजे त्या द्रावणावर रक्त फिरवून पांढऱ्या पेशींचा थर वेगळा करणं, तुम्हाला येतंच. फक्त सेंट्रिफ्यूजचा ब्रेक बंद आहे ना, ते दोनदा बघा, नाहीतर पेशींचा पांढुरका थर ढवळून जातो आणि रक्त पुन्हा मिळत नाही.

प्लेटला कोलॅजेन आदल्या दिवशीच लावून ठेवा. कोलॅजेन अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडमध्ये विरघळवलेलं असतं, तेव्हा पीबीएसने (क्षारांच्या सौम्य द्रावणाने) नीट धुतल्याशिवाय पेशी टाकू नका. सहा खणांच्या प्लेटमध्ये एका खणात ३ ते ५ कोटी पेशी हा आकडा नवख्यांना फार वाटतो, पण त्यात आपल्या कामाच्या अगदी मोजक्या असतात. पहिला आठवडा मीडिया, म्हणजे पेशींचं पोषक द्रावण, रोज बदलायचा, नंतर दिवसाआड. पहिल्या दिवशी पिपेटचं टोक खणाच्या कडेला टेकवा आणि मीडिया थेंबाथेंबाने सोडा. रविवारी कोण येणार, ते आजच ठरवा.

आता थांबायचं. पहिल्या तीनचार दिवसांत चिकटलेल्या लांबट पेशी दिसतील आणि कोणीतरी आनंदाने फोटो काढेल. त्या आपल्या नव्हेत. या क्षेत्राची बरीच वर्षं याच गोंधळात गेली. १९९७ मध्ये असाहारा आणि सहकाऱ्यांनी रक्तात फिरणाऱ्या एन्डोथेलियल प्रोजेनिटर पेशींचा शोध मांडला; त्यानंतर त्या नावाखाली ज्या लवकर उगवणाऱ्या पेशी वापरल्या गेल्या, त्यांतल्या पुष्कळशा मोनोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींच्या कुळातल्या होत्या. त्या अ‍ॅसिटिलेटेड एलडीएल गिळतात, लेक्टिनने रंगतात, आणि रक्तवाहिनी मात्र बनवत नाहीत. इंडियानातल्या इन्ग्राम, योडर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये नाळेच्या रक्तातून खऱ्या अर्थाने कॉलनी करणाऱ्या पेशी वेगळ्या दाखवल्या. त्या साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात उगवतात: शहाबादी फरशीसारख्या एकमेकींना खेटून बसलेल्या, कडा स्पष्ट, मधे फट नाही. हे दिसलं की ओळख पटवा. पेशीच्या पृष्ठभागावरच्या खुणांपैकी सीडी३१, सीडी१४४ आणि सीडी१४६ हवेत; सीडी४५ आणि सीडी१४ या रक्तपेशींच्या खुणा अजिबात नकोत. मेट्रिजेलवर (प्रयोगशाळेतल्या प्रथिनांच्या जेलवर) पेशींची जाळी झाली एवढ्यावर समाधान मानू नका. खरी कसोटी प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरात होते, जिथे माणसाच्या पेशींनी बनवलेल्या नळीत उंदराचं रक्त वाहताना दिसलं पाहिजे. तिथे मेसेन्कायमल पेशी (आधार देणाऱ्या मूलपेशी) सोबत दिल्या तर वाहिन्या जास्त टिकतात.

याच दिवसांत, कॉलनीची वाट बघत असताना, आईच्या चाचण्यांचे रिपोर्ट फाइलला लागले का ते बघा. लॅबने नमुना मिळाल्याचं कळवणं म्हणजे रिपोर्ट नव्हे. कागद हातात घ्या, कोड जुळवा, सही बघा. रिपोर्ट नसेल तर पहिला पॅसेज, म्हणजे पेशी उचलून नव्या प्लेटमध्ये वाढवायला टाकणं, करू नका. उत्साहात मीही म्हणेन की करून टाकू, रिपोर्ट येईलच. ऐकू नका.

रुग्णासाठी वाढवताना गाईच्या वासराचं सीरम टाळता आलं तर उत्तम. ग्राझच्या गटाने २००९ मध्ये मानवी प्लेटलेट लायसेटवर (प्लेटलेट फोडून काढलेल्या अर्कावर) या पेशी मोठ्या प्रमाणात वाढवून दाखवल्या आहेत. लायसेट वापरताना मीडियात हेपारिन आधी घाला, लायसेट मागून. नाहीतर लायसेटमधल्या फायब्रिनोजेन या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनामुळे अख्खी बाटली जेलीसारखी गोठते. लायसेट, कोलॅजेन, ट्रिप्सिन, सगळ्यांचे लॉट नंबर त्याच दिवशी वहीत उतरवा.

मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जिवाणू प्रत्येक टप्प्यावर तपासा. त्याने मीडिया गढूळ होत नाही, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही तो जातो, तेव्हा डोळ्यांवर विश्वास ठेवू नका.

पेशी ऐंशी टक्के भरल्या की उचला, वाट बघत बसू नका. पहिल्या दोनतीन पॅसेजमध्येच बँक करा, म्हणजे गोठवून साठवा, कारण पुढे पेशी पसरट, थकलेल्या दिसू लागतात. दहा टक्के डीएमएसओ (गोठताना पेशी वाचवणारं द्रावण), मिनिटाला एक अंश थंड, मग नायट्रोजन. चुकून आईचा रिपोर्ट नसलेली व्हायल निघालीच तर ती वेगळ्या क्वारंटाइन डब्यात, इतरांबरोबर नाही.

शेवटी क्रोमोसोम, एन्डोटॉक्सिन (जिवाणूंचं विष), जिवंत पेशींची टक्केवारी, सगळं नेहमीचं. निर्जंतुकतेच्या चाचणीला १४ दिवस जातात. गोठवलेल्या पेशी रिपोर्टसाठी थांबतात. ताज्या द्यायच्या असतील तर आधीच्या पॅसेजचा नमुना लावून ठेवा आणि रुग्णाची तारीख त्यानंतरच घ्या.