युनिव्हर्सल क्रेडिटवरून पगारावर येताना घरखर्चाच्या या चुका टाळा

ब्रिटनमध्ये युनिव्हर्सल क्रेडिटवर (कमी उत्पन्नाच्या घरांना सरकारकडून दरमहा मिळणारी मदत) असलेल्या घरात नोकरी आली की पहिल्या दोन-तीन महिन्यांत ओढाताण होते. पगार पुरेसा असतो, पण तारखा जुळत नाहीत. म्हणून हिशेब मांडताना आधी कॅलेंडर घ्या, कॅल्क्युलेटर नंतर.

स्किल्ड वर्कर किंवा स्टुडंट व्हिसावर आलेल्यांना सहसा बेनिफिट्स मिळतच नाहीत, त्यामुळे पुढचं त्यांच्या कामाचं नाही. हे आहे ब्रिटिश नागरिक झालेल्या किंवा कायम राहण्याची परवानगी मिळालेल्या मराठी घरांसाठी, आणि पोर्तुगीज पासपोर्टवर येऊन सेटल्ड स्टेटस (युरोपीय नागरिकांना मिळणारी कायम राहण्याची परवानगी) घेतलेल्या गोवेकरांसाठीही.

महिना १ तारखेपासून मोजू नका

युनिव्हर्सल क्रेडिटचा महिना तुमच्या अर्जाच्या तारखेपासून चालतो. त्याला असेसमेंट पीरियड म्हणतात. समजा तुमचा १२ ते ११ तारखेचा आहे. मग पैसे १८च्या सुमारास येतात. १ जूनला कामावर लागलात, पहिला पगार २८ जूनला. ११ जूनपर्यंत पगार आलेलाच नाही, म्हणून १८ जूनला क्रेडिट पूर्ण येतं. दहा दिवसांनी पगारही येतो. खात्यात एवढे पैसे एकदम बघायची सवय गेलेली असते, आणि इथेच घात होतो: नवा फोन, राहिलेली उधारी, गावी थोडे पैसे. १८ जुलैला त्या पगारामुळे कापलेलं क्रेडिट येतं आणि भाडं आ वासून उभं असतं. जूनमधला तो जादा वाटणारा पैसा जुलैचा आहे असं धरून बाजूला काढा. पहिला पगार हाती पडेपर्यंत बसभाडं किंवा कामाचे बूट परवडत नसतील, तर कामावर जाण्याआधीच वर्क कोचला (जॉबसेंटरमधला तुमचा सल्लागार) फ्लेक्सिबल सपोर्ट फंडाबद्दल विचारा. मिळेलच असं नाही, कारण तो त्यांच्या मर्जीचा भाग आहे, पण न विचारता तर नक्कीच मिळत नाही.

कपात अंदाजाने धरू नका

‘कमावलं तेवढं सगळं कापतात’ असं सांगणारा एक तरी काका प्रत्येक कार्यक्रमात भेटतो. ते खरं नाही. टॅक्स, नॅशनल इन्शुरन्स आणि पेन्शनचा हप्ता जाऊन हातात पडणाऱ्या दर पौंडामागे ५५ पेन्स कापले जातात. घरात मूल असेल किंवा आजारपण-अपंगत्वामुळे काम करण्याची क्षमता मर्यादित ठरलेली असेल, तर सुरुवातीची काही कमाई कपातीतून वगळतात. भाड्याची मदत घेणाऱ्यांसाठी ही वर्क अलाउन्स २०२५-२६ मध्ये महिन्याला ४११ पौंड होती. हातात ११०० पौंड पडणाऱ्या आईचं क्रेडिट त्या हिशेबाने ३७९ पौंडांनी घटतं. म्हणजे घरात ७२१ पौंड जास्त येतात. ही सवलत नसलेल्या एकट्या माणसाचे ६०५ कापले जातात, ४९५ उरतात. यातून प्रवास आणि पाळणाघर वजा करा. जे उरेल ती खरी वाढ, आणि बजेट तिच्यावर बसवा.

दर चार आठवड्यांचा पगार

सुपरमार्केट, गोदामं, केअर होम इथे पगार महिन्याने न होता दर चार आठवड्यांनी होणं सर्रास आहे. म्हणजे वर्षाला १३ पगार. कधीतरी एकाच असेसमेंट पीरियडमध्ये दोन पगार पडणारच. वर्क अलाउन्स मात्र एकदाच मिळते. दर वेळी १००० पौंड घेणाऱ्या आईचं क्रेडिट एरवी ३२४ पौंडांनी घटतं, त्या महिन्यात ८७४ पौंडांनी. काहींचं तर शून्यावर येऊन बंद होतं. घाबरू नका, सहा महिन्यांच्या आत पुन्हा अर्ज केला तर जुन्याच तारखा चालू राहतात. पण हलायचं आपल्यालाच असतं. कामावर लागल्या दिवशी वर्षभराच्या पगाराच्या तारखा मागून घ्या आणि जोडपगाराचा महिना कॅलेंडरवर लाल करा.

महिन्याने पगार घेणाऱ्यांचं वेगळं. बँकेच्या सुट्टीमुळे पगार दोन दिवस आधी आला आणि दोन पगार एकाच कालावधीत अडकले, तर एक पुढच्या कालावधीत धरायला जर्नलमध्ये (ऑनलाइन खात्यातली निरोपांची जागा) लिहून सांगता येतं. २०२० साली अपील न्यायालयाने सरकारविरुद्ध निकाल दिल्यावर त्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून नियम बदलला. चार आठवडेवाल्यांना त्याचा फायदा नाही. अन्याय आहे, पण आहे.

भाडं थेट घरमालकाला जातं म्हणून निर्धास्त राहू नका

काही घरांत क्रेडिटमधली भाड्याची रक्कम थेट घरमालकाला पाठवली जाते. क्रेडिट घटून भाड्यापेक्षा कमी झालं, तर घरमालकाला जाणारी रक्कमही कमी होते. उरलेलं तुम्ही भरायचं, आणि तुम्हाला कुणी आठवण करेलच असं नाही. थकबाकीचं पत्र आल्यावर कळण्यापेक्षा ऑनलाइन खात्यातलं मासिक स्टेटमेंट आलं की लगेच बघा: भाड्याचा आकडा आणि मालकाकडे गेलेला आकडा एकच आहे का?

पाळणाघराचा खर्च क्रेडिटमधून ८५ टक्क्यांपर्यंत परत मिळतो, ठरलेल्या कमाल मर्यादेत, पण सहसा आधी तुम्ही भरल्यावर. पहिल्या महिन्याचं आगाऊ बिल भागवायला मदत मिळू शकते. तीही सुरुवातीलाच मागायची. पावत्या वेळेत खात्यावर टाका.

छोट्या सवलती आपोआप चालू राहत नाहीत

पगाराचा आकडा नोकरी देणाऱ्याकडून महसूल खात्यामार्फत (एचएमआरसी) क्रेडिटवाल्यांना जातो. काउन्सिल टॅक्सच्या (घरावरचा स्थानिक कर) सवलतीचं मात्र काउन्सिलला वेगळं कळवा, नाहीतर जास्त दिलेली सवलत मागून वसूल होते. प्रत्येक काउन्सिलचे नियम निराळे. इंग्लंडमध्ये फुकट औषधांसाठी कमाईची मर्यादा महिन्याला ४३५ पौंड आहे, मूल असेल तर ९३५. त्यावर गेलात आणि जुन्या सवयीने औषधांच्या फॉर्मवर ‘फुकट’ची खूण केली, तर १०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. मधुमेह, रक्तदाब अशा नेहमीच्या औषधांसाठी प्रीपेमेंट सर्टिफिकेट (औषधांचे पैसे आधीच एकरकमी भरण्याची सोय) घेणं बरं पडतं, आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर आधी मेडिकल एक्झेम्प्शन (आजारामुळे मिळणारी औषधांची माफी) मिळते का ते डॉक्टरकडे विचारा.

पगाराची पहिली पावती

त्यावरचा टॅक्स कोड (किती टॅक्स कापायचा ते ठरवणारी खूण) तपासा. आधीच्या नोकरीचा पी४५ (नोकरी सोडताना मिळणारा पगार-टॅक्सचा कागद) नसेल तर स्टार्टर चेकलिस्ट हा फॉर्म नीट भरून नव्या नोकरीत द्या. बीआर किंवा ०टी कोड लागला तर ठरावीक रकमेपर्यंतची टॅक्समाफी मिळत नाही. तो पैसा पुढे पगारातून परत येतो खरा, पण आला त्या कालावधीत तोही कमाईत धरला जातो आणि क्रेडिट पुन्हा घटतं. कोड चुकलेला दिसला तर महसूल खात्याला त्याच आठवड्यात कळवा.