घडवायच्या सुरीसाठी पोलाद कोणतं घ्यावं?

स्वयंपाकघरातली सुरी घडवायची म्हटली की बहुतेक जण आधी पोलादाच्या कडकपणाचा आकडा बघतात. आधी बघायला हवी ती आपली भट्टी. तापमान रंगावरून आणि लोहचुंबकावरूनच जोखणार असाल तर डोळे झाकून १०८४ क्रमांकाचं साधं कार्बन पोलाद घ्या.

त्यात कार्बन साधारण ०.८४ टक्के असतो. पातं पुरेसं तापलं की तो जवळपास लगेच विरघळतो, तापमान धरून ठेवावं लागत नाही. मँगनीज ०.६ ते ०.९ टक्के असल्याने विझवताना, म्हणजे तापलेलं पातं बुडवून झटकन थंड करताना, थोडी उसंतही मिळते. ८१५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापवायचं आणि ५०-६० अंशांपर्यंत कोमट केलेल्या खाद्यतेलात टोकाकडून सरळ खाली बुडवायचं. आडवं हलवलं की पातं वाकलंच.

लोहचुंबक चिकटेनासा होतो ७७० अंशांना. तिथेच थांबून विझवलं तर पातं अर्धवट कडक होतं. ही चूक सर्रास होते. अजून ४०-५० अंश वर जायला हवं. तो रंग डोळ्यांत बसवायला मीठ कामी येतं, कारण ते ८०१ अंशांना वितळतं. त्याच पोलादाच्या फालतू तुकड्यावर चिमूटभर टाका. दाणे वितळून पसरले की रंग नीट बघून ठेवा, पातं त्याहून किंचित उजळ हवं. हा प्रयोग पात्यावर नको, मिठाने गंज धरतो.

१०९५ची धार चांगली टिकते, पण त्यात मँगनीज कमी. लाल पातं ५४० अंशांच्या खाली उतरायला जेमतेम एक सेकंद मिळतो. खाद्यतेल तिथे कमी पडतं आणि धारेत मऊ पट्टे राहतात. त्यासाठी जलद क्वेंचिंग ऑइलच, म्हणजे विझवण्यासाठीचं खास तेलच हवं. तेलाऐवजी पाणी वापरलंत आणि ‘टिंग’ असं ऐकू आलं, तर धारेला तडा गेला समजा. तो सांधता येत नाही.

५२१०० म्हणजे बेअरिंगचं पोलाद: १ टक्का कार्बन, १.५ टक्के क्रोमियम. पातळ, तासून काढलेल्या सुरीसाठी आमची पहिली पसंती हीच. पण क्रोमियमची कार्बाइडं (क्रोमियम आणि कार्बनचे कडक कण) विरघळायला ८४५ अंशांवर दहाएक मिनिटं स्थिर तापमान लागतं, म्हणजे विजेची भट्टी आलीच. घणाखालीही ते ताठ असतं. रंग उतरल्यावर ठोकत राहिलात तर कडा फाटतात. जड सत्तुरासाठी ५१६० बरं. त्यात कार्बन ०.६ टक्केच, त्यामुळे धार लवकर बोथट होते, पण सहसा तुटत नाही.

भंगारातले गाड्यांचे कमानपाटे फुकट मिळाले तरी आत थकव्याच्या भेगा असू शकतात. बोटभर तुकडा तापवून विझवा, फडक्यात गुंडाळून शिकंज्यात धरा आणि हातोडीने मोडा. मोडलेली कड मखमलीसारखी राखाडी दिसली तर उत्तम. चमचमते दाणे दिसले तर जास्त तापलंय. मोडण्याऐवजी नुसताच वाकला, तर एक तर तो नीट तापला नाही, नाहीतर त्यात कार्बन कमी आहे. पुन्हा तापवूनही वाकला तर सुरीसाठी नको.

पोलाद कोणतंही घ्या, घडवून झाल्यावर अनुक्रमे ८७०, ८१५ आणि ७६० अंशांपर्यंत तापवून दर वेळी हवेत थंड करा. ठोकताना वाढलेला पोलादाच्या आतला दाणा यामुळे बारीक होतो. विझवण्यापूर्वी धारेची जाडी ०.७ मिलिमीटरच्या आसपास ठेवा. त्याहून पातळ केली तर धारेला लाटा येतात.

विझवल्यावर कानस लावा. पहिल्या फटक्याला ती चावली तर घाबरू नका, वरचा थर कार्बन जळून मऊ झालेला असतो. दोन-तीन फटक्यांनंतर ती काचेवरून घसरावी तशी घसरली पाहिजे. तरीही चावत राहिली तर किंचित जास्त तापवून पुन्हा विझवा. घसरली, की तासाभराच्या आत पातं २०० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास ठेवा, थंड करा आणि पुन्हा दोन तास ठेवा. ओव्हनच्या बटणावर विसंबू नका, आत वेगळा तापमापक ठेवा.