टॅबलेटवर रस्ता शोधण्यापूर्वी

सोलापूरहून अक्कलकोट, तुळजापूर किंवा पंढरपूरला स्वतःच्या गाडीने निघताना मोठ्या पडद्याचा टॅबलेट नकाशासाठी फार सोयीचा ठरतो. मात्र त्यात जीपीएस ग्राहक, म्हणजे उपग्रहांचे संकेत घेऊन स्थान ठरवणारा भाग, आहे की नाही, हे आधी तपासलेच पाहिजे. केवळ वायफाय असलेल्या आयपॅडमध्ये तो नसतो, सिमकार्डाची सोय असलेल्या आयपॅडमध्ये असतो. अँड्रॉइड टॅबलेटच्या बाबतीत मात्र प्रत्येक मॉडेलची माहिती स्वतंत्रपणे पाहावी लागते. वायफायवरून मिळणारे स्थान आसपासच्या राउटरांवरून काढलेले असल्यामुळे ते सोलापूर शहरातील नवी पेठेत बरे चालते, परंतु गाव मागे पडताच निरुपयोगी होते. अशा टॅबलेटला ब्लूटूथवर चालणारा, त्याच्याशी जुळणारा वेगळा जीपीएस ग्राहक जोडता येतो.

जीपीएसला इंटरनेट लागत नाही, कारण किमान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की ग्राहक स्वतःच स्थान ठरवतो. इंटरनेट लागते ते नकाशाचे चित्र उतरवण्यासाठी. म्हणून आदल्या रात्री घरच्या वायफायवर गूगल मॅप्समधील ऑफलाइन नकाशांत सोलापूरपासून मुक्कामापर्यंतचा संपूर्ण भाग साठवून ठेवावा. असा नकाशा गाडीचा मार्ग दाखवतो, पायी चालण्याचा नाही, आणि वाहतुकीची ताजी स्थितीही त्यात दिसत नाही.

उन्हाळ्यात टॅबलेट काचेलगत उन्हात मुळीच लावू नये. आयपॅड ३५ अंशांपर्यंतच्या तापमानात वापरण्यासाठी बनवलेला असतो, आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी सहज ओलांडतो.